घर बेळगावात, पगार बेळगावात. बचत तरी हद्दीबाहेर जाऊ दे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे वडगावात राहतात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, वय ४१. नंदगडकडची वडिलोपार्जित शेती विकली, वाटणीचे १४ लाख हातात आलेत. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. घरखर्च महिन्याला ४० हजारांच्या आसपास. घर दुरुस्तीसाठी सहकारी पतपुरवठा सोसायटीतून काढलेल्या कर्जापैकी २ लाख अजून फिटायचेत, व्याज १३ टक्के. साडू दुसऱ्या एका सोसायटीत संचालक. ते म्हणतात, आमच्याकडे १० टक्क्यांनी ठेव ठेवा. मित्र मच्छेच्या बाजूला प्लॉट दाखवतोय. पुण्याचा भाचा शेअर सुचवतो, बायको सोनं. "यातलं नेमकं काय निवडू? आणि साडूंना काय सांगू?"

मी बेळगावात कर आणि हिशेबाचं काम करतो. फंड किंवा विमा विकत नाही, त्यामुळे कुणाच्याही कमिशनचा प्रश्न इथे नाही.

सगळ्यात आधी ते २ लाख फेडा. वर्षाला २६ हजार रुपये व्याजापोटी जातायत. १३ टक्के खात्रीशीर आणि करमुक्त परतावा देणारी दुसरी कुठलीच गुंतवणूक मला माहीत नाही. कर्ज फेडलं की तुम्हाला तोच मिळतो. एका सोसायटीत १३ नं कर्ज आणि दुसरीत १० नं ठेव, असं करणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ठेवपावती कपाटात असली की पैसे असल्यासारखं वाटतं, एवढंच त्यामागचं कारण.

उरले १२ लाख. यातलं काय निवडायचं हे ठरवण्याआधी, आत्ता तुमचं काय काय कुठे गुंतलंय ते एका कागदावर लिहून काढा. पगार उद्यमबागेचा. तो ट्रॅक्टर, पंप, मोटारींच्या कास्टिंगच्या ऑर्डरींवर चालतो. राहतं घर वडगावात. पिग्मी (रोजची बचत), सभासदत्वाच्या शेअर्सची रक्कम, कर्ज, सगळं इथल्या सोसायट्यांत. म्हणजे बेळगावात मंदी आली की ओव्हरटाइम बंद, घराला गिऱ्हाईक नाही आणि सोसायटीची वसुली थकलेली, हे तिन्ही एकाच वेळी होणार. ही नुसती कल्पना नाही. २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात पूर आला, पिकं गेली, घरं पडली; त्यातून सावरतोय तोवर मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि भट्ट्या थंड पडल्या. आठ महिन्यांत दोन तडाखे.

आता साडूंची ठेव आणि मित्राचा प्लॉट या नजरेनं बघा. सोसायटी तुमची ठेव घेऊन कर्ज कुणाला देते? इथल्याच दुकानदाराला, यंत्रमागवाल्याला, ट्रकवाल्याला, प्लॉट पाडणाऱ्याला. म्हणजे तिथे ठेव ठेवणं म्हणजे बेळगावच्याच धंद्याला उसने देणं. प्लॉट तर सरळसरळ बेळगावचाच. दोन्ही गोष्टी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे बेळगाव आधीच भरपूर आहे. नव्या पैशातला मोठा भाग, निदान जो पंधरा-वीस वर्षं लागणार नाही तो, अशा ठिकाणी जावा की जे आपल्या जिल्ह्याच्या चढउतारावर चालत नाही. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

पण लांबच्या पैशाकडे जाण्याआधी जवळची गरज बघू. सहा महिन्यांचा खर्च म्हणून अडीच लाख. मुलीची पीयूसी (अकरावी-बारावी) होऊन डिग्रीचा प्रवेश येईपर्यंत साधारण तीन वर्षं आहेत. इथल्या जीआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात जाईल की आणखी कुठे, ते तिच्या मार्कांवर. पण त्यासाठी ४ लाख वेगळे ठेवा. हे साडेसहा लाख शेअर बाजारात अजिबात नकोत. बँकेची एफडी किंवा पोस्टातली तीन वर्षांची ठेव पुरे. इथे व्याजाच्या अर्ध्या टक्क्यासाठी धावू नका. हे पैसे ठरलेल्या दिवशी हातात पडले म्हणजे झालं.

बँकेच्या ठेवीला विमा असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. दोन शाखांत ठेवलं तरी बँक एकच धरली जाते. अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला, सौहार्द सहकारी संस्थेला, एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट सोसायटीला नाही. पाटी तशीच, काउंटर तसंच, पासबुकही तसंच, त्यामुळे लोकांची गल्लत होते. पोस्टाच्या ठेवीला अशी मर्यादाच नाही, ती थेट सरकारची जबाबदारी. म्हणून साडेसहा लाख एका बँकेत न ठेवता एक भाग बँकेत, एक पोस्टात ठेवा. थोडे बायकोच्या नावावर ठेवायला हरकत नाही, फक्त एक लक्षात घ्या: तुम्ही दिलेल्या पैशावरचं तिचं व्याज आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

आता सोसायटीबद्दल जरा सविस्तर, कारण खरा मोह तिथे आहे आणि नात्याचा दाबही तिथेच.

बँक ७ देते असं धरा, सोसायटी १०. फरक ३ टक्के. पाच लाखांवर वर्षाला १५ हजार, त्यातून कर गेला की आणखी कमी. या १५ हजारांसाठी तुम्ही पाच लाख विम्याविना ठेवताय. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून केला तर ठीक, पण बहुतेक जण संचालक कोण आहेत एवढंच बघून करतात. संचालक सज्जन असले म्हणून कर्जदार सज्जन होत नाहीत.

तुम्ही सभासद असाल तर दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी छापील अहवाल मिळतो. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो, आत अध्यक्षांचं मनोगत, दहावी-बारावीच्या गुणवंतांची यादी. ती पानं उलटा आणि ताळेबंदावर या. तीन आकडे पेनानं गोल करा. एकूण ठेवी किती, एकूण कर्जं किती, आणि कर्जातली थकबाकी किती. थकबाकी दोन तऱ्हेनं छापतात: एक ढोबळ एनपीए (थकलेली सगळी कर्जं), दुसरा निव्वळ, म्हणजे बुडतील म्हणून बाजूला काढलेली तरतूद वजा करून. सभेत भाषणात जो "शून्य टक्के एनपीए" ऐकू येतो तो बहुतेक वेळा निव्वळ असतो. तुम्ही ढोबळ बघा. मग गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा. ठेवी झपाट्यानं वाढल्यात, कर्जं तेवढीच वाढलीत आणि ढोबळ थकबाकीही वाढतेय, असं दिसलं तर तिथे दहा टक्के का देतायत हे कळतं: त्यांना पैशाची निकड आहे. शेवटी लेखापरीक्षकाचे शेरे वाचा. ते बारीक अक्षरात असतात, पण महत्त्वाचं तिथेच लिहिलेलं असतं. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांचा उल्लेख असेल तर तो दोनदा वाचा.

आणखी एक. सोसायटीची नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे ते पावतीवरच छापलेलं असतं. कर्नाटकाचा १९५९ चा सहकार कायदा, १९९७ चा सौहार्द कायदा, की २००२ चा मल्टिस्टेट कायदा. आपल्या सीमाभागात मल्टिस्टेट पुष्कळ, कारण शाखा इकडे बेळगाव-निपाणीत आणि तिकडे कोल्हापूर-चंदगडमध्ये. यात गैर काही नाही. पण अडचण आली तर तक्रार बेळगावच्या सहकार खात्यात चालत नाही, मल्टिस्टेटचा रजिस्ट्रार दिल्लीत बसतो. ठेव ठेवायच्या आधी एवढं माहीत असावं.

प्लॉटचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येक जण एक गोष्ट सांगतो: अमक्यानं अमक्या साली गुंठा पन्नास हजारानं घेतला आणि आता बघा. ज्यांचे पैसे अडकले ते कट्ट्यावर बसून ती गोष्ट सांगत नाहीत. तुमचा मित्र म्हणतो, "घेऊन टाक की, दोन वर्षांत डबल होतंय बघ." त्याला एकच विचारा: रजिस्टर होणार की बॉण्डवर?

शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून शंभर-दोनशे रुपयांच्या बॉण्डपेपरवर विकण्याचा धंदा बेळगावच्या चारी बाजूंना चालत आलाय. बॉण्डपेपरवरच्या करारानं मालकी येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवलेल्या खरेदीखतानंच होते. बॉण्डवर घेतलेल्या जागेवर माणसं घरं बांधून राहतात हे खरं, पण बँक त्यावर कर्ज देत नाही, आणि मूळ मालकाची नातवंडं एक दिवस उताऱ्यावर नाव दाखवत येतात. गुंतवणूक म्हणून तर बॉण्डच्या जागेचा विचारच करू नका.

एनए (बिगरशेती) झालेला, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजुरीचा लेआउट असेल तर गोष्ट वेगळी. तरी कागद वाचून घ्या, आणि वाचून घेणारा माणूस तुमचा हवा, विकणाऱ्याचा नव्हे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं शिक्षण मराठी शाळेत झालं. उतारा कन्नडमध्ये असतो. मग विकणाराच बोट ठेवून सांगतो, "हे बघा, इथे माझं नाव." त्याच उताऱ्याच्या दुसऱ्या रकान्यात कुठल्या सोसायटीचा बोजा चढलाय ते तो वाचत नाही. सब-रजिस्ट्रार कचेरीतून बोजा प्रमाणपत्र काढा, निदान मागच्या तीस वर्षांचं. वाटण्या न झालेली वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींच्या सह्या आहेत का बघा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. तुम्ही नुकतीच शेती विकलीत, त्यामुळे सह्यांचा हा घोळ तुम्हाला नवा नसणार.

एवढं सगळं जमलं तरी प्लॉटची मुख्य अडचण राहतेच. मुलीच्या फीसाठी दोन लाख लागले तर प्लॉटचा एक कोपरा विकता येत नाही. १४ लाख वाटणीला आलेल्या माणसानं १२ लाखांचा प्लॉट घेणं म्हणजे पुढची दहा वर्षं खिसा रिकामा ठेवणं. मुलासाठी पुढेमागे घर बांधायचं म्हणून जागा हवी असेल तर ती गरज म्हणून घ्या, त्याला गुंतवणूक म्हणू नका.

मग हद्दीबाहेर जायचं कसं? भाच्याचं अर्धं बरोबर आहे. शेअर, हो. पण तो म्हणतो तसे नव्हेत.

साडेपाच लाख उरतात. यातले १ लाख पीपीएफमध्ये टाका. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, मुदत पंधरा वर्षं, व्याजावर कर नाही. दर तिमाहीला सरकार व्याजदर ठरवतं, तेव्हा तो बदलू शकतो. खातं पोस्टात निघतं, बँकेतही. पुढे पगारातून दरवर्षी जमेल तेवढे भरत राहा. वर्षाची मर्यादा दीड लाख.

राहिलेले साडेचार लाख निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, दरमहा २५ हजार, दीड वर्षात. निफ्टी ५० म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी; इंडेक्स फंड त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेतो. त्यात बँका आणि वित्तसंस्थांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, शिवाय सॉफ्टवेअर, तेल, औषधं, मोटारी, साबण-बिस्किटं. उद्यमबागेत ऑर्डर नसली तरी लोक साबण घेतातच, मोबाइल रिचार्ज करतातच. त्या धंद्यांचा लहानसा हिस्सा तुमच्या नावावर होतो आणि तो बेळगावच्या पावसापाण्यावर अवलंबून नसतो. कंपनी निवडायची डोकेदुखी नाही, फंड मॅनेजरच्या हुशारीचे पैसे मोजायचे नाहीत.

हप्त्यानं का, एकदम का नाही? कागदावरचं गणित बहुतेक वेळा एकदम टाकण्याच्या बाजूनं असतं. पण ज्यानं आजवर फक्त पावत्या बघितल्या त्यानं साडेचार लाख टाकले आणि तिसऱ्या महिन्यात ते साडेतीन झालेले दिसले, तर तो सगळं काढून पुन्हा सोसायटीत जातो. हप्ता हे त्यावरचं औषध. पडझड होणार हे मात्र आजच लिहून ठेवा. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात ८ हजारांखाली गेला. पुन्हा २१ हजारांवर यायला २०१० ची दिवाळी उजाडली. २०२० मध्ये ४२ हजारांवरून मार्चमध्ये २६ हजारांच्याही खाली आला आणि नोव्हेंबरात परत वर. लॉकडाऊनच्या काळात तुमची फाउंड्री आणि बाजार दोन्ही एकदमच पडले, हेही कबूल केलं पाहिजे. सगळा देशच थांबला की बाहेर ठेवलेले पैसेही तात्पुरते खाली येतात. अडीच लाख वेगळे काढायला सांगितले ते त्यासाठीच: त्या वेळी फंडाला हात लावावा लागू नये.

फंड घेताना "डायरेक्ट" प्लॅन घ्या. त्याच फंडाचा "रेग्युलर" प्लॅन घेतला तर मधल्या माणसाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातं. इंडेक्स फंडात हा फरक कमी असतो, इतर फंडांत एक टक्क्यापर्यंतही जातो. एक टक्का म्हणजे काय, बघा. ५ लाख वीस वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर ४० लाखांवर जातात. १० टक्क्यांनी वाढले तर साडेतेहतीसच्या आसपास. परतावा अमुकच मिळेल असा माझा दावा नाही, खर्चाचा परिणाम दाखवतोय. विकताना कर म्हणाल तर, वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअर-फंडाच्या नफ्यातले वर्षाला सव्वा लाख माफ, त्याहून जास्त नफ्यावर १२.५ टक्के.

भाच्याच्या उरलेल्या अर्ध्याविषयी. तो ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे करतो असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याच्या मोबाइलवर "कॉल", म्हणजे काय घ्या-विका ते सांगणारा ग्रुपही आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात आकडे जाहीर केले: तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. भाचा उरलेल्या सातांत असेल तर आनंद आहे. त्याला तुमच्या पैशाची गरज पडणार नाही.

एकेका कंपनीचे शेअर घ्यायची हौस असेल तर पाच टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या टाळा. तुम्ही म्हणाल, तेच तर मला कळतं. कळतं हे खरं, पण तुमचा पगार त्याच धंद्याचा आहे.

एजंट "टॅक्स वाचतो" म्हणून पॉलिसी गळ्यात मारेल. नव्या कररचनेत ८०सी ची वजावटच नाही. विमा हवा तो साधा टर्म विमा आणि घराचा आरोग्य विमा, एवढाच.

सोनं. वहिनींना हवं असेल तर दसऱ्याला एक तोळा घ्या, घालण्यासाठी. मजुरी १२ टक्के धरली आणि ३ टक्के जीएसटी, तर शंभराच्या सोन्याला ११५ मोजावे लागतात, मोडायला गेलात तर शंभरालाही घट. गुंतवणूक म्हणूनच हवं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं घेता-विकता येणारं कागदी सोनं घ्या, त्यात मजुरीही नाही, घटही नाही. सरकारी गोल्ड बॉण्ड फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघालेले नाहीत. सोन्याची एक गोष्ट मात्र चांगली: त्याचा भाव बेळगावात ठरत नाही.

करायला बसाल तेव्हा पहिली अडचण पैशाची नसेल, नावाची असेल. आपल्याकडे आधारवर कन्नडातून आलेलं स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनावामागे नुसती आद्याक्षरं. केवायसी (ओळखीची पडताळणी) तिथेच अडकतं आणि माणूस कंटाळून पुन्हा पिग्मी एजंटाकडे वळतो. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, मग बँक, मग फंड. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी भरा.

शेतीच्या पैशावर कराचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर कर नाही. ग्रामीण म्हणजे किती लांब, हे शहराच्या लोकसंख्येवर ठरतं: दहा हजार ते एक लाखापर्यंतच्या गावाच्या हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून ६. खानापूर पहिल्या गटात, बेळगाव दुसऱ्या. नंदगड दोन्हींपासून लांब, म्हणजे तुम्ही सुटलात. हीच जमीन येळ्ळूरच्या बाजूला असती तर आधी अंतर मोजायला सांगितलं असतं. खरेदीखताची नक्कल आणि बँकेत पैसे आल्याची नोंद जपून ठेवा.

आता साडू. सरळ "तुमच्या सोसायटीवर विश्वास नाही" म्हणालात तर पुढच्या लग्नकार्यात दोघांची पाठ एकमेकांकडे. काहीच ठेवलं नाही तरी मेव्हण्यांत चर्चा होणार. म्हणून त्यांच्याकडे पन्नास हजारांची ठेव ठेवा, एक वर्षाची. गेले तरी घर बसणार नाही इतकीच. ते अडीच लाखांतून काढा, मुलीच्या चार लाखांतून नको. आणि बाकीच्या पैशांबद्दल विचारलं तर सांगा, कर्ज फेडलं, मुलीच्या शिक्षणाचे पोस्टात अडकवले, राहिलेले हप्त्यानं जातायत. यात खोटं एक अक्षर नाही. पुढच्या सभेला जाताना त्यांच्याकडूनच अहवाल मागून घ्या. संचालकाला साडूनं अहवाल मागितला तर तो नाही म्हणू शकत नाही.